सहामाहीचा निकाल, ऊसतोडीचा हंगाम आणि दहावीनंतरची वाट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात पहिल्या सत्राचा निकाल आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायची तारीख जवळजवळ एकाच आठवड्यात येतात. इकडे प्रगतिपुस्तकावर सही होते, तिकडे मुकादमाचा (टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराचा) फोन येतो. मी इथल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला शिकवतो. दरवर्षी या दिवसांत बाजारात, एसटी स्टँडवर, रात्री फोनवर पालक आणि मुलं जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. सहामाहीचे मार्क दहावीच्या बोर्डात धरतात का?

नाही. दहावीची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्य मंडळ घेतं आणि लेखी गुण तेवढेच धरले जातात. सहामाही ही शाळेची परीक्षा. नववीचं वेगळं आहे. तिथे वर्षाचा निकाल शाळाच लावते आणि त्यात पहिल्या सत्राचीही नोंद होते. त्यामुळे नववीच्या मुलानं सहामाही सोडून दिली, तर वर्षाच्या शेवटी ती आडवी येते.

२. पोराला सहामाहीत चाळीस टक्के पडलेत. बोर्डात किती पडतील?

हा आकडा सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मात्र चाळीस टक्के कशामुळे पडले, हे शोधता येतं आणि त्यासाठी प्रगतिपुस्तक पुरत नाही. तपासलेली उत्तरपत्रिका मागा. कुठलाही शिक्षक ती दाखवेल. मुलाला शेजारी बसवा आणि गेलेला प्रत्येक मार्क तीनपैकी कुठल्या ढिगात जातो ते बघा : येत होतं पण वेळ पुरला नाही, अर्धंमुर्धं येत होतं, किंवा अजिबातच येत नव्हतं. तुम्हाला लिहिता-वाचता येत नसलं तरी हे जमतं. कोरी सोडलेली पानं मोजायला शाळा शिकलेली असावी लागत नाही.

आमच्या मुलांच्या पेपरांत पहिला ढीग बहुतेक वेळा सगळ्यांत मोठा निघतो. त्यांना लिहिण्याचा सराव नसतो. दोन तास सलग बसून लिहायची वेळ वर्षातून दोनदाच येते. अशा मुलाला आठवड्यातून एक पेपर घड्याळ लावून घरी सोडवायला लावलं, तरी फरक दिसतो. दुसरा ढीग मोठा असेल, तर धडा पुन्हा वाचण्यापेक्षा धड्याखालचा स्वाध्याय वहीत लिहून काढणं कामाला येतं. तिसरा ढीग मोठा असेल, तर सगळा अभ्यासक्रम पकडायच्या मागे न लागता विषयशिक्षकांकडून पाच-सहा प्रकरणं ठरवून घ्यावीत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं बालभारतीच्याच संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. गाइड विकत घेण्याआधी एवढं करा.

मागच्या वर्षीच्या वार्षिक निकालाशी ताडून पाहिल्याशिवाय चाळीसला चांगलं किंवा वाईट म्हणू नका. अठ्ठावीसवरून चाळीसवर आलेलं मूल आणि साठवरून चाळीसवर घसरलेलं मूल, दोघांच्या घरात वेगळं काहीतरी चाललेलं असतं.

३. पास व्हायला नक्की किती लागतात?

प्रत्येक विषयाला १०० पैकी ३५. भाषांना ८० लेखी आणि २० तोंडी-अंतर्गत. गणिताचे दोन पेपर, बीजगणित ४० आणि भूमिती ४०, वर २० अंतर्गत. विज्ञानाचे भाग १ आणि भाग २ प्रत्येकी ४०, वर २० प्रात्यक्षिकाचे. हे सगळं मिळून ३५ बघतात. म्हणजे भूमिती जड जात असेल, तर बीजगणितात ती कसर भरून काढता येते. भूमितीच्या धसक्यानं अख्खं गणित सोडून देणारी मुलं दरवर्षी दिसतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

याशिवाय मंडळाची विषयगटाची सवलत आहे. गणित आणि विज्ञान मिळून ७० होत असतील आणि दोन्हींत किमान २५ असतील, तर विद्यार्थी पास धरला जातो. तिन्ही भाषांना मिळून १०५ आणि प्रत्येकीत किमान २५, अशी तीच सोय आहे. यावर विसंबून अभ्यासाचा बेत मात्र आखू नका.

४. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आहे म्हणजे एका विषयात गेलं तरी चालतं ना?

चालत नाही. पास सहाही विषयांत व्हावं लागतं. पास झाल्यावर टक्केवारी काढताना सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय धरतात, म्हणजे ५०० पैकी. एवढाच त्याचा अर्थ.

५. अंतर्गतचे वीस मार्क शाळा सगळ्यांना देतेच, मग वही कशाला पूर्ण करायची?

अंतर्गत गुण तोंडी, स्वाध्याय, प्रयोगवही आणि गृहपाठ यांवर ठरतात. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा लेखीच्या आधी, साधारण फेब्रुवारीत होतात. जे मूल त्या दिवशी हजर नसतं, त्याचा तो हिस्सा जाऊ शकतो. ऊसतोडीला गेलेल्या मुलांचं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं. लेखी परीक्षेला ती धावतपळत येतात आणि पोहोचतात तेव्हा तोंडी-प्रात्यक्षिक होऊन गेलेलं असतं.

६. दिवाळी झाली की आमची टोळी निघणार. दहावीतल्या पोराला सोबत न्यावं का मागं ठेवावं?

मागं ठेवा. या पानावर बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

कारखान्याचा बॉयलर पेटतो, म्हणजे हंगाम सुरू होतो, दिवाळीच्या आसपास आणि पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, मार्च-एप्रिलला. बोर्डाची परीक्षा नेमकी त्याच्या आत येते. फडावर गेलेलं मूल पहाटे उठतं, वाढे (उसाचे शेंडे) बांधतं, गाडीवर मोळ्या चढवायला हात लावतं, धाकट्या भावंडांना कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) सांभाळतं. त्याला अभ्यासाला वेळ मिळत नाही आणि मिळाला तरी उजेड नसतो. ‘पुस्तकं सोबत नेतो, तिथं वाचीन’ असं सांगून गेलेला माझ्याच वर्गातला एक मुलगा दुसऱ्या पेपरच्या दिवशी परत आला. गाडी मिळाली नाही म्हणून पहिला पेपर बुडाला होता. पोरगा हुशार होता. वर्ष गेलं आणि पुढच्या हंगामात तो स्वतःच कोयता घेऊन गेला. त्याला थांबवायला मी दिवाळीआधी त्याच्या घरी जायला हवं होतं, गेलो नाही. तेव्हापासून सहामाहीचा निकाल लागला की आधी घरं फिरतो.

मागं ठेवायचं म्हणजे कुठे, हा खरा प्रश्न आहे. पहिली वाट आजी-आजोबा किंवा चुलता-मामा. त्यांच्याकडे धान्य आणि किरकोळ खर्चाची सोय करून जा आणि वर्गशिक्षकाला त्यांचा फोन नंबर द्या. दुसरी वाट वसतिगृह. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, सामाजिक न्याय विभागाचीही शासकीय वसतिगृहं आहेत. जागा मर्यादित असतात. अर्ज दिवाळीनंतर केला तर उशीर झालेला असतो, म्हणून जूनमध्येच समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. गावातली हंगामी वसतिगृहं मुख्यतः पहिली ते आठवीच्या मुलांसाठी असतात. दहावीच्या मुलाला तिथे धरत नाहीत आणि ही फट फार जणांना ऐनवेळी कळते.

उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) घेताना मुकादमाला ‘दोन माणसं, पोरगं धरायचं नाही’ असं आधीच सांगून ठेवा. एकदा पोराचा हात हिशेबात धरला की मग सोडवणं अवघड जातं.

७. नेल्याशिवाय इलाजच नाही. मग परीक्षेला बसू देतील का?

मंडळाच्या नियमानुसार ७५ टक्के हजेरी लागते. काही योग्य कारणांसाठी सूट मागता येते, पण ती शाळेमार्फत आणि विभागीय मंडळाच्या मान्यतेनं मिळते. आपल्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरचं. ही सूट गृहीत धरू नका.

जायच्या आधी चार गोष्टी करून जा. बोर्डाचा फॉर्म पहिल्या सत्रातच ऑनलाइन भरला जातो. त्यावरची सही आणि फोटो झालाय का ते बघा. फॉर्मची जी यादी शाळेत तपासायला येते, तिच्यात मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख स्वतः वाचा किंवा वाचून घ्या. तोंडी-प्रात्यक्षिकाच्या तारखा कळवायला वर्गशिक्षकाला कारखान्याचा आणि टोळीतल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर द्या. आणि परीक्षेच्या किमान तीन आठवडे आधी मुलाला परत पाठवायचं, हे मुकादमाशी दिवाळीतच ठरवून घ्या. परीक्षा केंद्र तुमच्या सोयीनं कारखान्याजवळ बदलून मिळेल, या भरवशावर राहू नका.

धाकटी भावंडं आठवीच्या आत असतील, तर शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत त्यांना वर्गात बसता येतं.

८. पोरगी आहे. एकटी मागं ठेवायची भीती वाटते. लग्न लावून दिलं तर जबाबदारी सुटते, असं घरात चाललंय.

ही भीती खोटी नाही. उघड्या घरात म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर वयात आलेली मुलगी ठेवताना आईचा जीव कसा होतो, ते मी पाहिलंय. पण लग्नानं त्या मुलीची जबाबदारी सुटत नाही. ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून पुढच्या हंगामात सोळा वर्षांची ती मुलगी फडावर असते, आणि त्याच्या पुढच्या हंगामात पोटुशी.

मुलीचं लग्नाचं वय १८ पूर्ण, मुलाचं २१. त्याआधी लग्न लावणं गुन्हा आहे. तो लावणाऱ्यांवर येतो आणि लग्नाला साथ देणाऱ्यांवरही. गावात बालविवाह थांबवण्याचा अधिकार ग्रामसेवकाला आहे. मुलगी स्वतः, तिची मैत्रीण किंवा कुणीही १०९८ या नंबरवर फुकट फोन करू शकतं.

भीतीवर उपाय वसतिगृहाचा आहे (प्रश्न ६), किंवा दोन-तीन घरांनी मिळून मुलींना एकाच घरात, एकाच वडीलधाऱ्या बाईजवळ ठेवण्याचा. आमच्या भागात काही वस्त्यांनी हे केलंय आणि त्या मुली पास झाल्या आहेत.

९. शाळा लांब आहे. पास आणि सायकल मिळते म्हणतात, ते खरं का?

बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, ती अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची योजना. मुलांना सवलतीचा मासिक पास मिळतो, त्यांना भाड्याचा साधारण तिसरा हिस्सा भरावा लागतो. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत गरजू मुलींना आठवी ते बारावीसाठी सायकलीचं अनुदान आणि मुलींसाठी निळ्या बसगाड्या आहेत. तुमचा तालुका त्यात आहे का, ते मुख्याध्यापक सांगतील.

१०. धाकटा आठवीत आहे. त्याला पुढे ढकलतातच ना?

आता नाही. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झाल्यास पुन्हा एक परीक्षा मिळते, तिच्यातही राहिला तर त्याच वर्गात बसावं लागतं.

आठवीतल्या मुलासाठी आणखी एक गोष्ट. एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा आठवीतच देता येते, नंतर नाही. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत, आणि सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०) असतील, तर फॉर्म भरता येतो. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे अठ्ठेचाळीस हजार. ऊसतोडीच्या घराला हा आकडा काय असतो, ते मी सांगायला नको. पैसे चालू राहायला दहावीला ६० टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ५५), हे मुलाला आत्ताच सांगून ठेवा.

११. गावातल्याच कॉलेजात अकरावीला जायचंय. तरी ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो का?

हो. आधी हे फक्त मोठ्या शहरांत होतं. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीनं होतो. नोंदणीला १०० रुपये लागले आणि एका मुलाला एक ते दहा कॉलेजं पसंतीनं भरता आली. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही, तर मूल पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतं. म्हणून पहिल्या नंबरावर तेच कॉलेज टाका जिथे खरंच रोज जाता येईल. पहिल्याच वर्षी नेट कॅफेवाल्यानं ‘मोठं कॉलेज वर टाका’ म्हणून सांगितलं आणि मुलीला साठ किलोमीटरवरचं कॉलेज लागलं, असं आमच्याकडे घडलंय. शाळेला जोडून ज्युनिअर कॉलेज असेल, तर १० टक्के जागा त्याच संस्थेच्या मुलांसाठी असतात, त्या मागा.

मोबाइल नंबर घरातलाच द्या. ओटीपी त्यावरच येतो. कॅफेवाल्याचा नंबर दिला, तर पुढची प्रत्येक फेरी त्याच्या हातात जाते.

१२. सायन्स घ्यावं का? सगळे लातूरला जायचं म्हणतात.

मुलाला गणित-विज्ञान आवडत असेल तर घ्यावं, आवडत नसेल तर घेऊ नये. शेजाऱ्याचा मुलगा गेला, हे कारण पुरेसं नाही. आपल्या मुलांची अडचण बहुतेकदा भाषेची असते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं मूल अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसतं आणि दिवाळीपर्यंत गप्प होतं. दहावीची परीक्षा संपल्यावरच्या दोन-अडीच महिन्यांत विज्ञानाच्या इंग्रजी संज्ञा वहीत लिहून घेतल्या, तर हा धक्का बराच कमी होतो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा पेपर मराठीतूनही देता येतो, हे पुष्कळांना माहीत नसतं.

लातूरची कॉलेजं चांगली आहेत. पण खोली, मेस आणि क्लास यांचा दोन वर्षांचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नका. उचलीवर उचल घेऊन पाठवलेलं पोर त्या ओझ्याखाली अभ्यास करू शकत नाही. रात्रभर झोप लागत नाही म्हणून मला फोन करणारी मुलं असतात. त्यांना मी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देतो. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

१३. आयटीआय बरं का डिप्लोमा?

लवकर कमवायची गरज असेल आणि हातात कसब असेल, तर आयटीआय. वीजतंत्री, जोडारी यांसारखे व्यवसाय दोन वर्षांचे, संधाता (वेल्डर) एक वर्षाचा. डिप्लोमा तीन वर्षांचा असतो आणि दहावीला किमान ३५ टक्के लागतात. अभ्यासात गणित बरंच येतं. दोन वर्षांचं आयटीआय पूर्ण केलेल्या मुलाला पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाटही असते. म्हणजे आयटीआय घेतलं की शिक्षण तिथेच खुंटलं, असं होत नाही. शेतीकडे ओढा असेल, तर कृषी विद्यापीठांचे दहावीनंतरचे पदविका अभ्यासक्रम आहेत. आपल्या भागासाठी ते परभणीचं विद्यापीठ.

मुलींनी आयटीआय घेऊ नये असं काही नाही. त्यांच्यासाठी ३० टक्के जागा राखीव असतात आणि दरवर्षी त्यातल्या कितीतरी रिकाम्या दिसतात.

१४. कागदपत्रं कोणती आणि कधी काढायची?

जातीचा दाखला, लागत असेल तर नॉन-क्रिमिलेअर, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास प्रमाणपत्र, आधारशी जोडलेलं मुलाच्या नावाचं बँक खातं. निकालानंतर सेवा केंद्रावर सगळा तालुका उभा असतो. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत, निघायच्या आधी अर्ज टाका. जुना महसुली पुरावा किंवा आजोबांचा शाळेचा दाखला शोधायलाच आठवडा जातो.

आधारवरचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव एकसारखं आहे का, हे आजच बघा. शाळा सोडल्यानंतर नाव दुरुस्त करायला फार हेलपाटे पडतात.

१५. चित्रकलेच्या परीक्षेचे मार्क दहावीत मिळतात का?

मिळतात. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. खेळ, शास्त्रीय कला आणि लोककलांसाठीही वाढीव गुण आहेत. प्रस्ताव शाळेमार्फत, प्रमाणपत्रासह आणि मुदतीत जावा लागतो.

१६. नापास झाला तर वर्ष वाया गेलं का?

नाही. जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते. एक किंवा दोन विषय राहिले असतील, तर एटीकेटीच्या सवलतीनं अकरावीला प्रवेश घेऊन ते विषय नंतर सोडवता येतात. आयटीआयच्या काही व्यवसायांना दहावी नापासही चालतात. निकालाच्या दिवशी मुलाला घरी एकटं ठेवू नका. शक्यतो त्या दिवशी घरीच थांबा.

१७. मुलगा बोलतो नीट, पण लिहिताना अक्षरं खातो. सहामाहीत सगळ्या विषयांत गेलाय. आळशी आहे का?

कदाचित आळशी नसेल. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना मंडळ जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देतं. त्यासाठी सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याला वेळ जातो. प्रस्ताव बोर्डाच्या फॉर्मबरोबर जायला हवा. त्यामुळे शंका नववीतच आली पाहिजे, दहावीच्या दिवाळीत फार उशीर होतो. दृष्टी, ऐकू येणं किंवा हातापायाचं अपंगत्व असेल, तरीही हीच रीत.

१८. थोरल्यानं तीन वर्षांपूर्वी नववीतून शाळा सोडली. आता तो टोळीत आहे. त्याला दहावी करता येईल का?

येईल. त्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो, म्हणजे शाळेत न येता खाजगी विद्यार्थी म्हणून बोर्डाला बसायचं. प्रश्नपत्रिका तीच, केंद्रावरच्या बाकी मुलांबरोबर बसायचं. अर्ज पहिल्या सत्रातच ऑनलाइन भरायचा असतो. मुदत गेली असेल, तर विलंब शुल्काची तारीख शिल्लक आहे का ते मंडळाच्या संकेतस्थळावर लगेच बघा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार आणि फोटो लागतो. दाखला हरवला असेल, तर ज्या शाळेतून तो गेला तिथे दुय्यम प्रतीचा अर्ज करा.

यंदाची तारीख हुकली असेल, तर पट्टा पडून तो गावी आला की त्याला माझ्याकडे पाठवा. मे महिन्यात मी शाळेतच असतो. जुनी पुस्तकं कपाटात ठेवलेली आहेत, त्यातली त्याला देईन.